‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ म्हणजे नेमका कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय नैराश्याचा असो, परीक्षेच्या ताणाचा असो की नवरा-बायकोच्या बेबनावाचा, वृत्तपत्रातल्या लेखाचा शेवट ‘वेळीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ या वाक्याने होतो. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तेच वाक्य मथळ्यात चढते. वाचणारा पेपरची घडी घालतो आणि तिथेच अडतो. तज्ज्ञ म्हणजे कोण? जाऊन काय बोलायचे? किती खेपा, किती पैसे? गोळ्या मागे लागतील का? या प्रश्नांची उत्तरे कोणी छापत नाही, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र. जागेअभावी कापायचे झाल्यास प्रास्ताविक कापावे, पुढचा तपशील ठेवावा ही विनंती.

सुरुवात पाट्यांपासून करू. आपल्या नाशकात कॉलेज रोड, शरणपूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड, कुठेही मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, लाइफ कोच, हीलर अशा पाट्या दिसतात. वाचणाऱ्याला त्या सगळ्या सारख्याच वाटतात. त्या सारख्या नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर. त्यापुढे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी. अॅलोपॅथीची मनावरची औषधे लिहिणे आणि रुग्णाला दाखल करून घेणे हे त्याचे काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाही. तो चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार, म्हणजे थेरपी करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात या पदाची व्याख्या आहे आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आर.सी.आय.कडे असते. तिचा क्रमांक विचारला की रागावणारा माणूस टाळावा. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते. नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्राची मुदतही बघावी.

समुपदेशक ही पाटी लावायला मात्र आजवर अशी सक्तीची नोंदणी नव्हती. २०२१ च्या कायद्याने हे क्षेत्र नियमनाखाली आणले आहे, पण त्याची घडी बसेपर्यंत पदवी, प्रशिक्षण आणि अनुभव स्पष्ट विचारून घेणे एवढेच आपल्या हाती. मानसशास्त्रात एम.ए. करून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम समुपदेशक नाशकात आहेत. शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी पाटी लावणारेही आहेत. फरक कळायला एकच प्रश्न पुरतो: ‘तुमच्या आवाक्यातली केस नसेल तर तुम्ही कोणाकडे पाठवता?’ चांगल्या समुपदेशकाकडे याचे उत्तर तयार असते.

आणखी एक घोळ ‘मेंदूच्या डॉक्टरां’चा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची लाज वाटते म्हणून घरचे न्यूरोलॉजिस्ट गाठतात. एम.आर.आय. होतो, तो नॉर्मल येतो आणि ‘काही निघाले नाही’ म्हणून सहा महिने जातात. नैराश्य एम.आर.आय.मध्ये दिसत नसते.

मग आधी कोणाकडे जावे? झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, कोणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येत असतील, कोणी पाळतीवर आहे असे वाटत असेल, किंवा दोन-दोन रात्री न झोपताही माणूस उत्साहाने नको ते व्यवहार करत सुटला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. यातल्या काही आजारांत औषधाचा पाया घातल्याशिवाय थेरपी उभीच राहत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने देवाची शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतू शकते. ती वैद्यकीय देखरेखीतच सोडवावी लागते. याउलट चिंता, मंत्रचळ (तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा), सौम्य ते मध्यम नैराश्य, शोक, नात्यातले ताण यांसाठी सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात करायला हरकत नाही. गरज वाटली तर तो पुढे पाठवतोच.

जाण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडून तीन-चार तपासण्या करून घ्याव्यात: थायरॉइडची टी.एस.एच., बी-१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर. थायरॉइड मंदावले की माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो. वाढले की छाती धडधडते आणि घाबरल्यासारखे होते. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणे नित्याचे आहे. शरीराचे कारण शिल्लक असताना मनाची उकल करत बसणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणे.

फोनवर वेळ घेताना पाच गोष्टी विचाराव्यात. एका सेशनची फी आणि वेळ किती (बहुतेक ठिकाणी ४५ ते ६० मिनिटे असतात, पहिले सेशन लांबू शकते). माझ्या तक्रारीवर काम केले आहे का आणि कोणत्या पद्धतीने. आयत्या वेळी रद्द केल्यास फी पडते का. अनेक जण २४ तास आधी कळवायला सांगतात. सेशन मराठीत होईल का. आणि मधल्या दिवसांत फोन किंवा मेसेज चालतो का, चालत असेल तर कशासाठी. यातला भाषेचा प्रश्न लोक विचारायचे विसरतात. ‘मला अँग्झायटी आहे’ या वाक्यापेक्षा ‘जीव घाबरा होतो, करमत नाही, पहाटे चारला जाग येते आणि छताकडे बघत पडून राहतो’ यातून ऐकणाऱ्याला दसपट कळते. पहाटे लवकर जाग येणे हे तर नैराश्याचे ओळखीचे लक्षण. आजाराचे इंग्रजी नाव आपण शोधून नेण्याची गरज नाही, ते काम समोरच्याचे.

जाताना एक कागद न्यावा. त्रास काय, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, कशाने वाढतो, कशाने कमी होतो. झोप किती तास. चहा-कॉफी, तंबाखू, दारू किती (इथे खरे लिहावे, दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्याच्या धडधडीचा विचार वेगळा करावा लागतो). चालू औषधे, अगदी काढे आणि वजन कमी करायच्या गोळ्यांसकट. याआधी कुठे उपचार घेतले आणि ते का सोडले. घराण्यात कोणाला मानसिक आजार किंवा आत्महत्येचा इतिहास. आणि शेवटी, तीन महिन्यांनी काय बदललेले हवे, याचे एक वाक्य. ‘आनंदी व्हायचे आहे’ हे फार मोघम झाले. ‘अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला वेळेवर पोहोचायचे आहे, महिन्यात पाच दांड्या पडतात त्या एकावर आणायच्या आहेत’ हे मोजता येते.

पहिल्या सेशनमध्ये उपचार जवळजवळ होत नाहीत. ती चौकशी असते. म्हणून ‘एक तास नुसते प्रश्नच विचारले’ ही तक्रार रास्त नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतली तर बिचकू नये. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न असतात, गुण ० ते २७. साधारण १० किंवा वर गेले की नीट तपासावे लागते, २० किंवा वर त्रास तीव्र समजतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तिथे लाजेखातर शून्य लिहिण्याने आपलेच नुकसान. हेच प्रश्न दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भरून मागावेत, म्हणजे ‘बरं वाटतंय’ या मोघम उत्तरामागे आकडा राहतो.

सोबत कोणी यावे का? यावे, पण बाहेर बसावे. काही वेळ दोघांशी, बाकीचा वेळ एकट्याशी, असे चांगले थेरपिस्ट स्वतःच सुचवतात. मुलाला ‘दाताच्या डॉक्टरांकडे जाऊ’ म्हणून आणू नये. फसवून आणलेला पेशंट पहिली तीन सेशन फक्त गप्प बसण्यात घालवतो आणि ते पैसे आईवडिलांचेच असतात.

आता मुख्य भाग, आणि गैरसमज सर्वांत जास्त इथेच. थेरपी म्हणजे शहाण्या माणसाशी तासभर गप्पा नव्हे. मन मोकळे केल्यावर हलके वाटते, आणि नेमक्या त्याच हलकेपणामुळे लोक दुसऱ्या सेशननंतर येणे थांबवतात. तो आराम ताप उतरवणाऱ्या गोळीसारखा असतो. संसर्ग जागेवरच राहतो. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सी.बी.टी. घेतली तर साधारण १२ ते २० सेशन धरून चालावे, आठवड्याला एक. नैराश्यासाठी आधी हालचालीचे वेळापत्रक बसवतात, विचारांकडे नंतर वळतात, कारण इच्छा होईल मग उठेन असे म्हणत बसले की उठणे होतच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना बऱ्यापैकी ठाऊक आहे; तिच्यातही ‘असेच झाले पाहिजे’ या हट्टावर बोट ठेवले जाते आणि गृहपाठ मिळतो. पद्धत कोणतीही असो, आठवड्यातले एक तास सेशनचे आणि १६७ तास घरचे. गृहपाठ केला नाही तर फी वाया गेली असे समजावे.

उदाहरणच घ्यायचे तर मंत्रचळाचे घेऊ. गॅस बंद केला का, कुलूप लागले का, हे वीस-वीसदा बघणाऱ्या बाईला थेरपिस्ट ‘विचार करू नका’ असे सांगत बसत नाही. भीतीची एक शिडी लिहून घेतात, ० ते १०० मध्ये. गॅस एकदाच बघून हॉलमध्ये बसणे, भीती ३०. एकदाच बघून खालच्या दुकानापर्यंत जाणे, ४५. न बघता सातपूरला माहेरी जाऊन दुपारी परतणे, ९०. सुरुवात खालच्या पायरीपासून. एकदा बघायचे, मग मागे फिरायचे नाही, आणि दर पाच मिनिटांनी भीतीचा आकडा वहीत मांडायचा. पहिल्या दिवशी आकडा ३० वरून ५० वर चढतो, आणि नेमके तेव्हाच माणूस उठून बघून येतो. बघून आला की सुटका वाटते, पण मेंदू शिकतो की ‘बघितले म्हणून वाचलो’. न उठता बसून राहिले तर पाऊण-एक तासात आकडा बहुधा आपोआप घसरतो. तो घसरला नाही तरी ‘भीती सोसता येते, काही घडत नाही’ हे शिकणे होतेच. तीच पायरी रोज, आठवडाभर. मग पुढची.

इथे घरचे लोक नकळत खेळ बिघडवतात. ‘अगं हो, बंद केलास, मी बघितलंय’ हे प्रेमाचे उत्तर या आजाराचे खाद्य आहे. दिवसातून तीस वेळा धीर देणारा नवरा म्हणजे बघून येण्याचाच दुसरा मार्ग. म्हणून दोन-तीन सेशननंतर घरच्या माणसाला बोलावून उत्तर ठरवून द्यावे लागते: ‘याचे उत्तर द्यायचे नाही असे आपले ठरलेय.’ सासूबाईंना हे कठोर वाटते, पण ओरडणे आणि धीर देणे या दोहोंपेक्षा ते बरे. आणि थेरपिस्टच दर सेशनला ‘काही होणार नाही हो’ म्हणत धीर देत असेल, तर या आजारापुरता तो थेरपिस्ट बदलावा.

तिसऱ्या ते सहाव्या सेशनच्या दरम्यान त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. झाकलेले उघडले की असे होते. दोन-तीन दिवसांत ओसरले तर काळजी नाही. आठवडाभर झोप उडाली, कामावर जाता येईना, तर पुढच्या वेळेची वाट न बघता कळवावे आणि गती कमी करायला सांगावे. सूर जुळत नसेल तर तेही तोंडावर सांगता येते. ‘गेल्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते लागले’ हे वाक्य बोलले की पुढचे काम अनेकदा सोपे होते. चार ते सहा सेशननंतरही ना सूर, ना योजना, ना आकड्यात फरक, तर खुशाल दुसरीकडे जावे. आधीच्या नोंदींचा सारांश मागून घ्यावा. एकाच वेळी दोन थेरपिस्ट मात्र ठेवू नयेत.

वेळेचा हिशोब आपल्या जिल्ह्यात वेगळाच करावा लागतो. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणी ऐन भरात असताना दर आठवड्याला नाशकात येऊ शकत नाही आणि आला तरी लक्ष बागेत असते. शक्य असेल तर पहिली सलग सहा-आठ सेशन बागेचे काम कमी असलेल्या काळात बसवावीत. पुढची व्हिडिओवर चालतात. त्रास तीव्र असेल तर अर्थात बाग बघत थांबायचे नाही. व्हिडिओ सेशनसाठी एकांत लागतो: हेडफोन, बंद दार, नाहीतर मळ्याच्या कडेला उभी केलेली गाडी. गाडी चालवत सेशन घेऊ नये, हेही सांगावे लागते! फिरत्या पाळीवाल्यांनी वेळ ठरवताना पाळीचे वेळापत्रक सोबत न्यावे. रात्रपाळीहून थेट येऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही.

गोळ्यांविषयी. नैराश्यावरची औषधे पहिल्या दिवशी गुण देत नाहीत. दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोके जड होणे, झोपेतला बदल हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. म्हणजे तोटा आधी, फायदा नंतर, म्हणून आठव्या दिवशी पाकीट फेकले जाते. ‘सवय लागते’ ही भीती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांबाबत खरी आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या थोडे आठवडेच घ्यायच्या असतात. त्या जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू ठेवणे धोक्याचे आणि एकदम तोडणे त्याहून धोक्याचे. नैराश्याच्या औषधांची तशी तलफ लागत नाही, पण अचानक थांबवली तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे होते. बरे वाटायला लागल्यावरही किमान सहा महिने ती चालू ठेवायला सांगतात, ते आजार उलटू नये म्हणून. गोळी बंद करा असे सांगण्याचा अधिकार सायकॉलॉजिस्टला नाही, योगशिक्षकाला नाही आणि शेजारच्या वहिनींनाही नाही.

गुप्ततेची शंका प्रत्येकाला असते. नाशिक मोठे झाले तरी ओळखी गावासारख्याच आहेत. २०१७ च्या कायद्याचे कलम २३ गोपनीयतेची हमी देते, कलम २५ नुसार आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी आपल्याला मागता येतात. अपवाद मोजके: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि अल्पवयीनावरचा लैंगिक अत्याचार, जो पॉक्सो कायद्यानुसार कळवावाच लागतो. ही मर्यादा पहिल्याच सेशनला सांगितली गेली पाहिजे. नसेल तर आपण विचारावी. कंपनीला किंवा स्थळ घेऊन आलेल्यांना कळवणे हे थेरपिस्टचे काम नाही.

पैशांचे गणित आधीच मांडावे. समजा सेशनचे हजार रुपये, तर सोळा सेशनचे सोळा हजार, चार महिन्यांत. वर औषधे आणि येणेजाणे. हा आकडा घरात आधी बोलला गेला नाही की पाचव्या सेशनला थेरपी बंद पडते. परवडत नसेल तर तसे सांगावे, अनेक जण फी कमी करतात किंवा पंधरा दिवसांनी बोलावतात. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून तपासणी आणि औषधे होतात, खर्च नगण्य. गर्दीमुळे तिथे तासभराची थेरपी दर आठवड्याला मिळेलच असे नाही, हे मात्र धरून चालावे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावे असे कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी दाखल झालेल्याचाच खर्च देतात. बाह्यरुग्ण सेवेचे कलम आहे का ते बघावे आणि पॉलिसी घेताना आजार लपवू नये. दावा तिथेच अडकतो.

कुठून उठून यावे, तेही सांगतो. तीन सेशनमध्ये गॅरंटी देणारा, वीस सेशनचे पैसे आगाऊ मागणारा, दुसऱ्या पेशंटचे किस्से नावानिशी सांगणारा, स्वतःच खडे किंवा थेंबांच्या बाटल्या विकणारा, मागच्या जन्मात नेणारा, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारा (याला शास्त्रीय आधार नाही, शाळाशाळांत कितीही शिबिरे होवोत). थेरपिस्टने मैत्री, उसनवारी, धंद्यातली भागीदारी किंवा शारीरिक जवळीक सुचवली, तर ती चूक आपली नव्हे. तिथे पुन्हा जाऊ नये आणि त्याच्या नोंदणी संस्थेकडे लेखी तक्रार करावी.

त्र्यंबक हाकेच्या अंतरावर असल्याने नारायण नागबळीचा विषय येतोच. घरच्यांच्या मनाला शांती मिळत असेल तर तीन दिवसांचा तो विधी करावा; त्यावर वाद घालण्यात थेरपीचा वेळ घालवू नये. अट एकच, त्या तीन दिवसांतही गोळी चुकवायची नाही आणि ठरलेली वेळ पुढे ढकलायची नाही. ‘आधी पूजा, मग बघू’ यात गेलेले वर्ष परत आणता येत नाही.

शेवट कसा करायचा हेही सुरुवातीलाच विचारून ठेवावे. चांगल्या थेरपीत सेशन अचानक थांबत नाहीत. आठवड्याचे पंधरा दिवस, मग महिना असे अंतर वाढवतात आणि शेवटच्या एक-दोन भेटींत आजार परतण्याच्या खुणा लिहून देतात. झोप सलग चार रात्री मोडली, फोन उचलणे बंद झाले, अंघोळ टळू लागली, अशा तीन-चार खुणांचा कागद घरच्या एका माणसाकडे असावा.

संपादक महोदय, आपल्याकडे एकच मागणे आहे. यापुढे मानसिक आरोग्यावरचा लेख किंवा आत्महत्येची बातमी छापताना ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ या ओळीच्या जागी एक छोटी चौकट द्यावी: टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते, जिल्हा रुग्णालय, मानसोपचार विभाग, बाह्यरुग्ण विभागाची वेळ अमुक. वेळ दर महिन्याला रुग्णालयात विचारून ताजी करावी. चार ओळींची जागा लागेल.

आपला,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, गंगापूर रोड, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)